वाचकांचे प्रश्न: खेळातलं गेट, हातातली चिप

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. ब्राउझरमधल्या नँडगेम या खेळात गेटं, म्हणजे ० किंवा १ घेऊन ० किंवा १ देणारी छोटी सर्किटं, बांधायची असतात. त्यात ती एक्सॉर गेटाच्या पातळीवर अडकली आहे. नुसत्या तारा जोडून बघत बसते. आम्ही उत्तर सांगावं का? महाराणी रोडवरून सुटे भाग आणून खरं सर्किट करून घ्यायचाही विचार आहे, पण या वयात जमेल का?
– एक पालक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर सांगू नका, माउस मात्र बाजूला ठेवायला लावा. वहीत चार ओळींचं ट्रुथ टेबल, म्हणजे कोणत्या इनपुटला काय उत्तर याचा तक्ता, काढू द्या : ००, ०१, १०, ११. १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. दोन्हींपैकी नेमकं एकच चालू असेल तेव्हा एक्सॉर १ देतो. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली अशी दोन बटणं असतात, ती याच नियमाने चालतात. तिला ती दाबून पाहू द्या. मग दोनच प्रश्न विचारा. ऑरचं (निदान एक चालू असेल तर १) टेबल आणि हे टेबल यांत कोणती ओळ वेगळी आहे? फक्त ११ची. आणि फक्त ११लाच ० देणारं गेट कोणतं? नँड. ऑर आणि नँड यांची उत्तरं अँडमध्ये (दोन्ही १ असतील तरच १) सोडली की काम झालं. हे तिचं तिलाच सापडलं पाहिजे, याबाबत आम्ही आग्रही आहोत. अंदाजाने पार केलेली पातळी पुढे बेरजेचं सर्किट, म्हणजे अ‍ॅडर बांधताना उपयोगी पडत नाही.

या रचनेत गेटं तीन दिसतात, पण नुसत्या नँडनी बांधायचं तर ऑरला ३, अँडला २ आणि नँडचं १ अशी ६ लागतात. चार नँडमध्येही एक्सॉर होतो. पहिल्या नँडचं उत्तर दोन ठिकाणी वापरायचं, एवढा इशारा पुरे.

खरं सर्किट जरूर करा. ९ व्होल्टची बॅटरी वापरा, भिंतीतल्या प्लगची वीज नको. सीडी४०११ या चिपमध्ये बरोबर चार नँड असतात. सोबत ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायची भोकांची पाटी), दोन पुश बटणं, १० किलोओहमचे दोन आणि १ किलोओहमचा एक रेझिस्टर, एक एलईडी आणि तारा घ्या. चिप ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर बसवा, चिपच्या टोकावरची खूण डावीकडे. म्हणजे खालच्या रांगेत डावीकडची पहिली पिन १. पिन १४ला प्लस, ७ला मायनस. पहिलं बटण १ला, दुसरं २ला. दोन्ही बटणांची दुसरी टोकं प्लसला. मग पिन १ची तार ५ला, २ची ९ला, ३ची ६ आणि ८ या दोन्हींना, ४ची १२ला, १०ची १३ला अशा तारा जोडा. पिन ११वरून १ किलोओहममधून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय मायनसला.

१० किलोओहमचे रेझिस्टर पिन १ आणि २पासून मायनसला जोडायचे. बहुतेक घोटाळा इथेच होतो. खेळात मोकळी तार म्हणजे ०, पण या चिपची मोकळी पिन धड ० नसते, धड १ही नसते. हात जवळ नेला तरी दिवा लुकलुकतो आणि मूल समजतं की आपलं लॉजिक चुकलं. आधी एकच गेट तपासत असाल तर उरलेल्या गेटांच्या इनपुट पिना (५, ६, ८, ९, १२, १३) मायनसला बांधा. आउटपुट पिना मोकळ्याच राहू द्या.

दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून ७४०० दिली तर घेऊ नका. तीही चार नँडचीच, पण ५ व्होल्टची. ९ व्होल्टवर जळेल, शिवाय मधल्या गेटांच्या पिना वेगळ्या आहेत. बटण न दाबताच चालू दिसलं तर ते ब्रेडबोर्डवर ९० अंशांत फिरवून लावा. चार पायांपैकी दोन-दोन आतून जोडलेले असतात. सगळं बरोबर असून अर्धा बोर्ड मेलेला वाटला तर कडेच्या लांब पट्ट्या बघा. काही बोर्डांत त्या मध्येच तुटलेल्या असतात, तिथे तारेचा तुकडा टाकावा लागतो.

प्रश्न : मुलगा माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये रेडस्टोनची (खेळातल्या विजेसारख्या सिग्नलवर चालणारी) दारं बनवतो. त्यातून काही शिकतो का?
– एक आजोबा, रामबाग, इंदूर

शिकतो, आणि बरंच. ठोकळ्यावरची रेडस्टोन टॉर्च त्या ठोकळ्याला सिग्नल मिळाला की विझते, म्हणजे ती नॉट (उलट उत्तर देणारं) गेट झाली. दोन खटके एकाच रेडस्टोन धुळीच्या (खेळातल्या तारेच्या) रेषेला जोडले की ऑर. त्याला सांगा, दोन्ही खटके ओढले तरच दार उघडेल असं कर. प्रत्येक खटक्याला एक टॉर्च, दोघींच्या धुळीची एकच रेषा आणि ती उलटवायला तिसरी टॉर्च, असा अँड बनतो. सिग्नल धुळीतून १५ ठोकळ्यांपर्यंतच पोचतो. दार लांब असेल तर मध्ये सिग्नल पुन्हा जोरदार करणारा रिपीटर हवा.