आई-बाबा पाच महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला येत आहेत. आसपासच्या पार्कांमध्ये त्यांचं मन रमेल असं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा एप्रिलच्या मध्याला पहिल्यांदाच येतायत, तुम्ही दोघंही नोकरीवाले, बाबा पुण्यात रोज पर्वती चढतात, आईंचे गुडघे कुरकुरतात, आणि इथे दोघांपैकी कोणीही गाडी चालवणार नाही. माझे आई-बाबा सांगलीहून तीनदा येऊन गेले. पहिली खेप साफ फसली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या खेपेला आम्ही दोन महिन्यांत सगळं उरकलं. गोल्डन गेट, योसेमिटी, व्हेगस, सगळीकडचे फोटो सांगलीच्या ग्रुपवर गेले. मग उरलेले तीन महिने सोमवार ते शुक्रवार दोघं घरात. आई चौथ्यांदा फ्रिज पुसतेय, बाबा मोबाइलवर मराठी बातम्या लावून डुलक्या घेतायत. एका संध्याकाळी बाबांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकीट अलीकडे करून मिळतं का गं?" तेव्हा कळलं की आपण त्यांना सगळं दाखवलं, पण आपल्याशिवाय जिथे जाता येईल अशी एक जागासुद्धा दिली नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: पार्कांची यादी करू नका. ते यायच्या आधी नकाशा उघडा आणि घरापासून चालत गाठता येईल अशी एक वाट शोधा. फ्रीमाँट किंवा युनियन सिटीत राहत असाल तर बहुतेक ती अलमीडा क्रीक ट्रेलच असेल. फ्रीमाँटच्या नाइल्स भागापासून थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत साधारण बारा मैल, ओढ्याच्या दोन्ही काठांनी, सपाट. अनेक सोसायट्यांच्या मागून तिच्यावर चढता येतं. आईंच्या गुडघ्यांना चढ-उतार नाही, बाबांना हवं तेवढं लांब जाता येतं, आणि वाट चुकायची सोय नाही, कारण आलात तसंच परत यायचं.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्या खेपेला त्यांना या ओढ्यात रबरी धरण दिसलं. म्हणजे खरोखरच रबराची फुगवलेली भली मोठी वळकटी, ओढ्याला आडवी. ती फुगवली की पाणी अडतं आणि बाजूच्या जुन्या खडी-खाणींच्या तळ्यांत सोडता येतं. तिथून ते जमिनीत मुरतं. पूर आला की हवा काढायची. या तळ्यांच्या भोवतीच क्वारी लेक्स हे पार्क आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गासाठी लागणारी खडी इथून काढली, आज तिथे लोक पोहतात आणि गळ टाकून बसतात. बाबांनी त्यावर सांगलीच्या मित्रांना तीन व्हॉइस मेसेज पाठवले. त्यानंतर रोज सकाळी "धरणावर जाऊन येतो" म्हणून निघायचे. सांगलीत वारणेवर जायचे तसंच.

आता ही पार्कं कोणाची ते सांगते, कारण कार्यक्रम शोधताना उपयोगी पडेल. क्वारी लेक्स, मिशन पीक, कायोटी हिल्स, आर्डनवुड, सुनोल ही ना शहराची, ना नॅशनल पार्कं. ती ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्टची. अलमीडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन काउंट्यांसाठीची ही वेगळीच संस्था आहे. १९३४ साली, ऐन महामंदीत, इथल्या मतदारांनी मतदान करून ती काढली आणि तिच्यासाठी स्वतःवर कर बसवून घेतला. बाबांचा यावर विश्वासच बसेना. "मंदीत? स्वतःहून?" १९३६ मध्ये पहिली पार्कं उघडली. आज ७० हून जास्त पार्कं, सव्वा लाख एकर जमीन आणि १,२०० मैलांवर पायवाटा आहेत. बऱ्याच ठिकाणी आत यायला पैसे नाहीत; काही ठिकाणी गाडी लावायचे पैसे घेतात. (फ्रीमाँटमधलं लेक एलिझाबेथ हे तळं मात्र शहराचं. तिथे संध्याकाळी बाकांवर गुजराती, पंजाबी, तेलुगू, मराठी आजी-आजोबांचा कट्टा भरतो. आईंना ओळखी तिथेच होतील. तो कट्टा चुकवू नका.)

या संस्थेकडे नॅचरलिस्ट म्हणून पगारी माणसं आहेत. त्यांचं कामच मुळी लोकांना घेऊन फिरणं, पक्षी-झाडं-किडे दाखवणं. बहुतेक कार्यक्रम फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत, काहींना आधी नाव नोंदवावं लागतं. वेळापत्रक त्यांच्या साइटवर असतं. आम्हाला वाटायचं हे लहान मुलांसाठी असेल. मुलं असतातच, पण त्या दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न माझ्या आईने विचारले.

झालं असं. कायोटी हिल्स हे खाडीच्या कडेचं पार्क. दलदल, तिच्यावरून जाणारी लाकडी पुलवाट, मागे बुटक्या टेकड्या. तिथे ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या वस्तीची जागा आहे, दोनेक हजार वर्षांपूर्वीची. एका शनिवारी तिथे एक नॅचरलिस्ट बाई ओकच्या फळांचं पीठ कसं करायचे ते दाखवत होत्या. फळ वाळवायचं, सोलायचं, कुटायचं, आणि मग पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, कारण ते जात्याच कडू आणि तुरट असतं. आई पुढे सरकली. मला म्हणाली, "विचार तिला, किती पाणी बदलायचं?" मी विचारलं. त्या बाई म्हणाल्या, "चव घ्यायची, कडूपणा गेला की थांबायचं." आई मान हलवत राहिली. "म्हणजे अंदाजपंचेच. आपल्यासारखंच." मग तिने बाजूला ठेवलेली ट्यूल नावाच्या पाणगवताची चटई उलटी करून विणकाम पाहिलं. "हा लव्हाळाच की गं," असा निकाल दिला, आणि परतीच्या वाटेवर गाडीत आपली आजी कडू सुरण कसा शिजवायची ते पहिल्यांदा सांगितलं. अकरा वर्षं इथे राहून मी त्या पार्कात फक्त पळायला जात होते.

मिशन पीक या डोंगराबद्दल मात्र सावध करते. तुमच्या बाबांना ते पहिल्याच दिवशी खिडकीतून दिसेल आणि "हे कधी?" असं विचारतील. उंची २,५१७ फूट. स्टॅनफर्ड अव्हेन्यूच्या बाजूने जेमतेम तीन मैलांची वाट, पण चढ दोन हजार फुटांच्या वर आणि वाटेवर सावली जवळजवळ नाहीच. पर्वतीशी तुलना नको. आतकरवाडीतून सिंहगड चढतात, तसा हिशेब धरा, तोही झाडं काढून टाकलेला. आम्ही शहाण्यांनी बाबांना जूनमध्ये सकाळी अकराला नेलं, तिघांत पाण्याच्या दोन बाटल्या. अर्ध्या वाटेवर बाबा एका दगडावर बसले आणि काहीच बोलेनात. त्यांचं गप्प बसणं मला अजून आठवतं. तिथून परत फिरलो. पुढच्या खेपेला फेब्रुवारीत, उजाडताना निघून, दोन लिटर पाणी आणि गुळाची पोळी घेऊन, ते आरामात शिखरावर पोचले. तुमचे बाबा उन्हाळ्यातच इथे असणार, तेव्हा आल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, पहाटे, ढगाळ दिवस बघून जा. नाहीतर राहू द्या. खाली पार्किंगही थोडंच आहे. वीकेंडला उशिरा गेलात तर जागा मिळणार नाही.

ऋतूंचं एक सांगून ठेवा त्यांना, नाहीतर हिरमोड होतो. इथे सगळं उलटं. आपल्याकडे डोंगर जूननंतर हिरवे होतात, इथे जूनपर्यंत वाळून पिवळे पडलेले असतात. हिरवाई जानेवारी ते एप्रिल. म्हणून ते आले की पहिल्याच रविवारी सुनोलला न्या. एप्रिलच्या शेवटापर्यंत रानफुलं थोडीफार टिकतात, ओढ्याला पाणी असतं, आणि वाटेत गुरं चरत असतात. गुरं मुद्दाम सोडलेली आहेत, गवत खाऊन वणव्याचं खाद्य कमी करायला. आईने लगेच विचारलं, "दूध कोण काढतं?" कोणी नाही. ती मांसासाठीच पाळलेली. हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुनोललाच आईला प्रसाद मिळाला. वाटेच्या कडेला तांबूस, तकतकीत कोवळी पानं होती, तीन-तीनच्या जोडणीत. तिने कौतुकाने हात लावला. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक, फोड. मी गूगल करत बसले होते, तोवर आईने हात उजेडात धरला आणि म्हणाली, "अगं, हा तर बिब्बा उतलाय." मला वाटलं काहीतरीच. नंतर वाचलं तर पॉयझन ओक आणि आपला बिब्बा खरोखरच एकाच कुळातले, काजू-आंब्याच्या. तेव्हापासून आमच्या घरात नियम: पळसाला पानं तीनच, पण इथल्या पळसाला हात लावायचा नाही. चुकून लागलंच तर लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा, कपडेही धुवायला टाका. हिवाळ्यात पानं गळतात तरी काड्यांनी होतंच. तुमच्या आईंना "बिब्बा" एवढा एक शब्द सांगितलात तरी पुरे, माझ्या आईला आमच्या चार इंग्रजी सूचनांपेक्षा तोच कळला असता.

बाकी भीती दाखवत नाही. उन्हाळ्यात रॅटलस्नेक बाहेर असतात, तर वाटेच्या मधून चालायचं आणि बसण्याआधी दगड बघायचा. गवतातून आल्यावर गोचीड लागलीय का ते पाहायचं.

आर्डनवुड हे जुनं शेत, १८५० च्या दशकात पॅटरसन नावाच्या माणसाने सुरू केलेलं, अजून चालवतात. कोंबड्या, शेळ्या, लोहाराचा भाता, काही ठरावीक दिवशी छोटी रेल्वे. आत जायला तिकीट आहे, सोमवारी बंद. शेतकरी घरातल्या माणसांना तिथे बोलायला विषय खूप मिळतात. माझे सासरे तिथल्या मक्याला किती पाणी दिलंय यावर अर्धा तास टीका करत होते. तिथल्या उंच निलगिरीच्या झाडांवर थंडीत मोनार्क फुलपाखरं उतरतात, पण तोवर तुमचे आई-बाबा परत गेलेले असतील.

असंच त्यांना दिसणार नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही असं एक: बर्कलीच्या वर टिल्डन पार्कात साउथ पार्क ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. दर वर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च तो गाड्यांना बंद असतो. कारण न्यूट. पालीच्या आकाराचा, पोटाकडून नारिंगी, बेडकाच्या गोत्यातला प्राणी. पाऊस पडला की हे रस्ता ओलांडून तळ्यांकडे जातात, अंडी घालायला. आम्ही जानेवारीत भर पावसात तिथे चालत गेलो. बाबा छत्री आईच्या हातात देऊन उकिडवे बसले. एक न्यूट चार पायांनी, मध्येच थांबत, दोन मिनिटांत दोन फूट सरकला. बाबा उठेचनात. शेवटी म्हणाले, "याच्यासाठी रस्ता बंद केलाय. आमच्याकडे एका गावासाठी सुद्धा..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पाटबंधारे खात्यातला माणूस ते वाक्य का पूर्ण करत नाही हे आम्हाला घरी सगळ्यांना माहीत आहे.

टिल्डनला उन्हाळ्यातही जाण्यासारखं आहेच. छोट्या फार्मवर गाई-शेळ्यांना खायला देता येतं, पण फक्त लेट्यूस आणि सेलरी, घरूनच न्यायची. पोळी, भात, केळं चालत नाही. आईंना आधी सांगा, नाहीतर डबा भरून आणतील.

ट्रेल्स चॅलेंज नावाचा या पार्क डिस्ट्रिक्टचा एक फुकट उपक्रम असतो. त्या वर्षीच्या यादीतल्या पाच वाटा चाला किंवा एकूण २६.२ मैल, म्हणजे मॅरेथॉनचं अंतर, चाला आणि नोंद पाठवा. स्मरणार्थ एक पिन मिळते. बाबांसारख्या माणसाला हे आयतं आहे. माझ्या बाबांनी मैल वहीत तारीखवार लिहिले, फुटांत बेरीज केली आणि शेवटी किलोमीटरमध्ये पडताळली. पिन सांगलीत देवघराशेजारच्या शोकेसमध्ये आहे, माझ्या पदवीच्या फोटोच्या पुढे.

शेवटचं, अगदी व्यवहाराचं. पहिला आठवडा जेट लॅगमुळे ते पहाटे तीन-साडेतीनला टक्क जागे असतील आणि तुम्हाला उठवू नये म्हणून अंधारात बसून राहतील. चहाचं सामान ओट्यावर दिसेल असं ठेवा, इथल्या सिमचे फोन त्यांच्या हातात द्या, घराचा पत्ता कागदावर लिहून बाबांच्या खिशात. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तुम्ही एकदा सोबत जाऊन ओढ्याची वाट दाखवा. तिसऱ्या दिवशी घरातून हलू नका, त्यांना दोघांनाच जाऊ द्या.