चॅपलिनना शेवटच्या तासाला बोलावू नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. राउंडच्या वेळी चॅपलिन, म्हणजे पेशंटच्या मनाला आणि श्रद्धेला आधार द्यायला इस्पितळात नेमलेल्या बाई, येऊन एका पेशंटच्या उशाशी बसल्या आणि पाऊण तास उठल्याच नाहीत, याचा तुला राग आला. 'तेवढ्या वेळात मी चार जण तपासले असते,' असं लिहिलंयस. तपासले असतेस, खरंच. पण त्या उठल्यावर 'आम्हाला काही कळायला हवं का?' असं त्यांना विचारलंस का?

तुझ्या वयात मीही विचारत नसे. मला ते एका बाईंनी शिकवलं. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात, वेदना इतक्या की चादरीची कड मुठीत धरून पडलेल्या असायच्या, आणि मॉर्फिनला साफ नकार. मला वाटलं, सवय लागेल ही भीती असणार. तीनदा समजावलं, कागदावर काढून दाखवलं. केसपेपरवर रोज तीच ओळ: औषध नाकारलं. चौथ्या दिवशी सिस्टरनी मला न विचारताच चॅपलिनना निरोप धाडला.

चॅपलिननी औषधाचा विषयच काढला नाही. खुर्ची ओढून बसल्या, बराच वेळ गप्प राहिल्या, मग एवढंच विचारलं, "हे दुखणं गेलं तर काय होईल, असं वाटतं?" बाई म्हणाल्या, "मग माझं फिटणार कसं?" त्यांची आई अशाच वेदनांत गेली होती आणि भांडणापायी या भेटायला गेल्या नव्हत्या. सोसणं ही त्यांच्या लेखी परतफेड होती. चॅपलिननी 'देव क्षमा करील' असं काही म्हटलं नाही. आई कशी होती, लाडाने काय हाक मारायची, हे विचारत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःहून अर्धा डोस मागितला. हे सगळं मला बाईंच्या परवानगीने कळलं, आणि त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मी औषधाबद्दल सांगत होते, पण त्यांची अडचण औषधाची नव्हतीच.

सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. त्या स्वतः आधी नर्स, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या. पेशंटची वेदना शरीराची, मनाची, नात्यागोत्यांची आणि आत्म्याची अशी एकत्र गुंतलेली असते, हे त्यांनी ठामपणे मांडलं. एक धागा तसाच गुंतलेला राहिला तर बाकीचे सुटत नाहीत. आपण डोस वाढवत राहतो आणि दुखणं जागच्या जागी राहतं, तेव्हा बहुतेक वेळा असाच एखादा धागा राहून गेलेला असतो.

'प्रार्थनेसाठी कुणी हवं तर घरचे आणतील' असंही तू म्हणतेस. चॅपलिनचं काम प्रार्थनेपुरतं नाही, आणि धर्म शिकवण्याचं तर मुळीच नाही. ज्याचा कशावरच विश्वास नाही त्याच्याजवळही त्या बसतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तर कुठलाही धर्म न मानणारे लोकही हे काम करतात. या कामाचं शिक्षण असतं. अमेरिकेत प्रमाणित चॅपलिन व्हायला वॉर्डातलं आणि वर्गातलं मिळून साधारण 1600 तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि तिथे स्वतःचंच बोलणं तपासून घ्यावं लागतं: कुठे घाई केली, कुठे पेशंटचं रडणं आपल्यालाच सोसेना म्हणून विषय बदलला. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, अँटन बॉयसन, 1920 मध्ये स्वतः मनोरुग्णालयात पेशंट होते. 1925 मध्ये त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तशाच एका इस्पितळात शिकायला आणलं. पुस्तकाऐवजी माणूस वाचा, हा त्यांचा आग्रह होता.

शिकागोच्या एका विद्यापीठ रुग्णालयात तीन हजारांहून जास्त पेशंटना विचारलं गेलं, तेव्हा 41 टक्के म्हणाले की इथे असताना श्रद्धेच्या, अध्यात्माच्या गोष्टींवर बोलायला आवडलं असतं. त्यातल्या जेमतेम निम्म्यांशी कुणी बोललं होतं. ज्यांच्याशी बोललं गेलं ते एकूण उपचारांबद्दल जास्त समाधानी होते. चौकशी अवघड नाही गं. 'या आजारपणात तुम्हाला आधार कशाचा वाटतो?' एवढं विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब. थांबणंच जड जातं. 'माझ्याच वाट्याला का?' असं कुणी विचारलं तर कारण सांगू नकोस, रिपोर्टकडे बघू नकोस. खाली बस. तुझ्याने पेलणार नाही असं वाटलं तर चॅपलिनना फोन कर, आणि तो पेशंट बोलू शकतोय तोवर कर. आपण त्यांना व्हेंटिलेटर काढायच्या वेळी बोलावतो. तेव्हा त्या घरच्यांना धरून उभ्या राहतात, तेही मोलाचंच. पण ज्याला बोलायचं होतं त्याची वेळ टळून गेलेली असते.

तुझ्यासाठीही त्या आहेत, हे मुद्दाम सांगते. पहिला मृत्यू अंगावर घेऊन घरी जाऊ नकोस. मी गेले होते, आणि कित्येक महिने नीट झोपले नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी ओझरतं आलंय की तो पेशंट रात्री तीन-चार वेळा घंटी वाजवतो, आणि सिस्टर गेल्या की 'काही नको' म्हणतो. उद्या राउंड संपला की चॅपलिनना गाठ आणि हे घंटीचं सांग. रात्री त्या नसतात, त्यांना ते माहीत नसेल.

तुझी,
मॅडम