डायनामो भंगारात घालू नका
वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरसायकली, वायरिंग आणि ओरिजनल पार्ट

प्रश्न : वडिलांची 1968 ची जावा 250 आहे, बरीच वर्षं गोठ्यात उभी होती, आता रिस्टोअर करतोय. मेकॅनिक म्हणतो 6 व्होल्टचा डायनामो (वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) फेकून द्या, 12 व्होल्टचं किट टाकू. मला सगळं ओरिजनल हवंय. ऑनलाइन एकजण ‘ओरिजनल पाल’ सांगून कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि कटआऊट (डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) विकतोय, किंमत ऐकून घाम फुटला. घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी मेकॅनिकच्या हातातून तो डायनामो काढून घ्या आणि घरात कपाटात ठेवा, बाकीचं मग बोलू. कारण तुम्ही जे बाजारात शोधताय ते तुमच्याच गाडीला लागलेलं आहे. गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा डायनामो बहुतेक वेळा मेलेला नसतो, ब्रश झिजलेले असतात नाहीतर अडकलेले असतात आणि कम्युटेटरवर (ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या रिंगवर) काळा थर बसलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने (एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात) तो साफ करा, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनच्या भुकटीने भरलेल्या असतील त्या टोकदार काडीने मोकळ्या करा, ब्रश सुटे मिळतात. एवढ्यावर बऱ्याच गाड्या चार्जिंग द्यायला लागतात. आर्मेचर (आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) खरंच जळलं असेल तरी पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात रिवाइंड करणारे कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडे द्या, आणि काम झाल्यावर ग्रोलरवर (आर्मेचरचं शॉर्ट शोधायच्या यंत्रावर) तपासून दाखवा म्हणा, लाजू नका.

आता तो ‘ओरिजनल पाल’. पाल हा चेक ब्रँड, जावाचं बरंचसं इलेक्ट्रिकल सामान त्यांचं. पण तुमची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाची, आणि तिथे सुरुवातीला चेक माल जास्त होता, मग हळूहळू देशी पार्ट वाढत गेले. म्हणजे पाल लिहिलेलं सगळं तुमच्या गाडीला ‘बरोबर’ असेलच असं नाही. तुमच्याच सालाची, कुणी हात न लावलेली गाडी शोधा, सगळीकडून फोटो काढा आणि त्याच्याशी ताडून बघा. गाडीवाले लोक फोटो काढायला आनंदाने देतात, चहा पण पाजतात.

डुप्लिकेट ओळखायचा तर अक्षरं बघा. जुन्या मालावर नाव पत्र्यात ठोकलेलं नाहीतर बॅकेलाइटमध्येच उठवलेलं असतं, नकली मालावर बऱ्याचदा स्टिकर किंवा छपाई. स्क्रू चपट्या खाचेचे हवेत, फुलीचे दिसले की कुणीतरी उघडलंय. आणि मल्टीमीटर खिशात ठेवाच. 6 व्होल्टच्या कॉइलचं प्रायमरी (बॅटरीच्या बाजूचं वेटोळं) साधारण दीड-दोन ओहम दाखवतं, तीन-चार दाखवलं तर ती 12 व्होल्टची, डबा कितीही जुना असू दे. कंडेन्सर (इग्निशनच्या पॉइंटवरची ठिणगी शोषणारी छोटी डबी) मात्र जुन्या स्टॉकमधला सीलबंद मिळाला तरी घेऊ नका, तो पडून पडूनच खराब होतो. बाहेरची डबी जुनी ठेवा, आत नवा बसवा. कटआऊटचंही तसंच करता येतं, जुन्या डब्यात इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मावतो, झाकण लावलं की कुणाला काही दिसत नाही. बाहेरून जसं कारखान्यातून निघालं तसं, आतून भरवशाचं, हे माझं मत आहे आणि यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत.

शोधायचं कुठे? पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, बाहेर जाणार असाल तर दिल्लीचं करोल बाग, बंगळुरूचा जे.सी. रोड, चेन्नईचं पुदुपेट. पण खरा माल मिळतो तो तालुक्याच्या गावच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात, वरच्या फळीवर, मालकालाच आठवत नसतं काय पडलंय ते. सकाळी गर्दी नसताना जा, हातात जुना पार्ट घेऊन जा, तोंडी वर्णन करत बसू नका. चेक देशातून अजूनही या गाड्यांचे पार्ट बनून येतात, पण कस्टम धरून हिशेब करा. आणि हो, इग्निशनची ती खिळ्यासारखी चावी हरवली असेल तर टेन्शन घेऊ नका, त्या काळात एकाची चावी दुसऱ्याच्या जावाला लागायची, त्यावरून गावोगाव भांडणं झालेली आहेत.

प्रश्न : यझदीचं नवीन वायरिंग टाकलं, चासीला पावडर कोटिंग केलं, सगळे बल्ब नवीन, तरी हेडलाइट मेणबत्तीसारखा. 6 व्होल्ट असतंच असं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडं असतं, पण एवढं नाही. पावडर कोटिंग म्हणालात ना, तिथेच घोडं अडलंय. ही गाडी बॉडी अर्थवर चालते, म्हणजे करंट चासीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परत जातो, आणि पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचा थर, करंट परत जायला वाटच ठेवलेली नाही. बॅटरीची निगेटिव्ह जिथे चासीला लागते, हेडलाइट जिथे बसतो, इंजिनचे बोल्ट, तिथे तिथे खाली पत्रा चकाकेपर्यंत खरवडा, ग्रीस लावून आवळा. शक्य असेल तर बॅटरीपासून इंजिनला आणि हेडलाइटला वेगळी अर्थ वायर ओढा, आतून घेतली तर दिसत नाही.

6 व्होल्टमध्ये एक व्होल्ट वाटेत गेला तर बल्बची पॉवर जवळजवळ तीस टक्के पडते आणि उजेड त्याहून जास्त पडतो. 12 व्होल्टला तेवढाच एक व्होल्ट गेला तर फारसं जाणवत नाही. म्हणून वायर जाड हवी. 35 वॉटचा बल्ब 6 व्होल्टला जवळपास सहा अँपिअर ओढतो, आणि 12 व्होल्टच्या हिशेबाने विकली जाणारी बारीक वायर तिथे गरम होते. जास्त वॉटचा बल्ब लावायचा मोह टाळा, 45 वॉटचा डायनामो, त्यातून हेडलाइट, टेललाइट आणि इग्निशन कॉइल, उरतंय काय?

प्रश्न : 1973 च्या बुलेट 350 साठी इंग्लंडचे लुकास (इलेक्ट्रिकल सामानाचा ब्रँड) पार्ट मागवावेत का? – एक वाचक, पणजी

उत्तर : कशाला? लुकास-टीव्हीएस 1961 पासून आपल्याकडेच होती, चेन्नईत. तुमच्या सालाच्या देशी बुलेटला देशी लुकासच ओरिजनल, बर्मिंगहॅमचा शिक्का असलेला पार्ट उलट जाणकाराला खटकेल. ते पैसे हेडलाइटच्या वरच्या दोन पायलट लॅम्पच्या चांगल्या काचा आणि रिंगा मिळवायला ठेवा, ते नकली असले की लांबून कळतं.

प्रश्न : आजोबांनी मिलिटरी डिस्पोजलमधून घेतलेली बीएसए एम20 आहे. थंड असताना दुसऱ्या किकला चालू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की तासभर चालू होत नाही. मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिला काय आणायला सांगू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लक्षण मॅग्नेटोचं (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या भागाचं) वाटतंय. लुकास मॅग्डायनोमध्ये वर डायनामो, खाली मॅग्नेटो, आणि मॅग्नेटोचा कंडेन्सर आर्मेचरच्या आतच बसवलेला असतो. तो जुना झाला की गरम झाल्यावर दगा देतो, थंड झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. मुलीला अख्खं युनिट आणायला सांगू नका, वजनाने बॅग जाईल. उलट तुमचंच आर्मेचर काढून, नीट गुंडाळून तिच्याबरोबर पाठवा, तिकडे मॅग्नेटो रिवाइंड करणारे आहेत, ते कंडेन्सर बदलून देतात. काढताना एक लक्षात ठेवा, मॅग्नेट उघडा ठेवू नका, आर्मेचर बाहेर आलं की लगेच मॅग्नेटच्या तोंडावर लोखंडी पट्टी ठेवा नाहीतर मॅग्नेट कमजोर होतो.

सप्टेंबरमध्ये ती तिकडे असेल तर ब्यूली गावच्या ऑटोजंबलला (जुन्या गाड्यांच्या पार्टच्या बाजाराला) पाठवा, मैदानभर जुन्या पार्टचे स्टॉल असतात. लुकासच्या बऱ्याच पार्टवर महिना-वर्षाचा शिक्का असतो, युद्धकाळातल्या गाडीसाठी 39 ते 45 मधला आकडा बघून घ्यायला सांगा, आणि घेण्याआधी फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा.