डीपीत जळतं काय?

प्रश्न : आमच्या शिवारातली ६३ केव्हीए क्षमतेची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, दर रब्बीत जळते. आत फिरणारा एकही भाग नाही म्हणतात, मग जळतं काय? आणि मुलाच्या पुस्तकात ट्रान्सफॉर्मरचे स्टेप-अप, स्टेप-डाउन असे प्रकार आहेत, आमची त्यातली कोणती?
— एक शेतकरी वाचक, ता. बार्शी

उत्तर : जळतो कागद. अशा डीप्या आमच्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळण्याच्या, शेडमध्ये येतात. टाकी उघडली की करपट तेलाचा भपकारा येतो आणि कॉइलवरचा कागद नखाने टोकरला तरी त्याचा भुगा होतो. कागद गेला की वेढ्याला वेढा भिडतो, शॉर्ट होतो. खेळ खलास.

आत पातळ पत्र्यांचा गाभा आणि त्यावर दोन कॉइल. ११ हजार व्होल्टच्या कॉइलला बारीक तारेचे पुष्कळ वेढे, तुमच्या बाजूच्या कॉइलला जाड पट्टीचे थोडे. वरच्या लाइनमुळे गाभ्यातलं चुंबकत्व सतत उलटसुलट होतं आणि त्या बदलामुळेच दुसऱ्या कॉइलमध्ये ४३३ व्होल्ट तयार होतात. वेढे कमी, म्हणून व्होल्ट कमी. हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. बदलच नसेल तर काही घडत नाही. बॅटरीची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, इथे कुचकामी.

तुमची डीपी स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारी. स्टेप-अप असतात कोराडी, चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रांत : व्होल्टेज चढवलं की तेवढ्याच विजेला करंट कमी लागतो आणि लांबच्या तारा कमी तापतात. शहरातल्या मोठ्या इमारतींत आगीच्या भीतीने बिनतेलाचे ड्राय टाइप बसवतात. मीटरला मोजता यावं म्हणून करंट आणि व्होल्टेज लहान करून देणारे सीटी-पीटी निराळे.

आता तुमच्या दुखण्याकडे येतो. ६३ केव्हीए म्हणजे फेजला ८४ अँपिअर. पाच एचपीची मोटार साधारण ७ अँपिअर ओढते, म्हणजे बारा मोटारींत डीपी भरली. तुमच्या डीपीवर किती आहेत? तारेवर आकडे टाकून चालवलेल्याही धरून मोजा. त्यात प्रत्येक स्टार्टरला ऑटो, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा स्विच! रात्री लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि उठताना मोटार सहापट करंट खाते. बाराच धरल्या तरी पाचशे अँपिअरच्या घरात गेलं. एवढ्या करंटने कॉइल तापते आणि कागद करपतो. एरवी फ्यूज उडाला असता, पण किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या खाचेत, कुणीतरी जाड तार ओवलेली असते.

तेव्हा ऑटो काढा, मोटारी पाळीपाळीने सुरू करा. पाच एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावा, करंट उतरतो. तरीही भार बसत नसेल तर सगळ्यांनी मिळून १०० केव्हीएसाठी अर्ज करा. फ्यूज मात्र वायरमनच्याच हातून बदला. लाइन बंद दिसली तरी खांबाला हात लावू नका.