कोडला हात न लावताच सात टेस्ट फेल होतायत? आधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथनमधला एक ओपन सोर्स प्रकल्प फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) लॅपटॉपवर उतरवला, काहीही न बदलता टेस्ट चालवल्या, तर सात फेल. मग बग दुरुस्त केला, तरी त्या सात तशाच. वर मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) म्हणतात, बदलासोबत टेस्टही जोडा. अशा अवस्थेत पुल रिक्वेस्ट (माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या, ही विनंती) पाठवावी का?

पाठवा. पण त्याआधी एक संध्याकाळ त्या सातजणींना द्या.

एक गोष्ट तुम्ही नकळत अगदी बरोबर केलीत: कोड बदलायच्या आधी टेस्ट चालवून बघितल्या. बहुतेक जण आधी बदल करतात, मग टेस्ट चालवतात, आणि मग कुठलं फेल आपलं नि कुठलं आधीपासूनचं हे शोधत बसतात. त्या सातांची नावं एका फाइलीत उतरवून ठेवा. बदलानंतर आठवी दिसली तर ती तुमची.

आता त्या फेल का होतात? नव्या मशीनवर कारण बऱ्याचदा कोडमध्ये नसतं, आजूबाजूला असतं. सगळ्यात आधी बघायचं ते हे, की टेस्ट नेमका कुठला कोड चालवतायत. त्याच प्रकल्पाची जुनी प्रत आधीच पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या साधनाने) टाकलेली असेल, तर टेस्ट तुमच्या फोल्डरमधला कोड सोडून ती जुनी प्रतच तपासत बसू शकतात. मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याच्या फाइलचा पाथ प्रिंट करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. खुद्द सीपायथनमध्येही (म्हणजे मूळ पायथनच्याच प्रकल्पात) हा घोळ होतो. मॅकवर सोर्समधून बिल्ड केलं की तयार होणाऱ्या फाइलचं नाव ‘पायथन डॉट ईएक्सई’ असतं. होय, मॅकवर! कारण सोर्समध्ये ‘पायथन’ नावाचं फोल्डर आधीच आहे आणि मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठी अक्षरं वेगळी मानत नाही. हे माहीत नसलेला माणूस सवयीने नुसतं पायथन टाइप करतो आणि सिस्टिमवरच्या भलत्याच पायथनवर टेस्ट चालवतो.

फेलइतकंच स्किपकडेही लक्ष द्या. सीपायथन बिल्ड करताना ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या हेडर फाइली सापडल्या नाहीत तर बिल्ड थांबत नाही. शेवटी कुठली मॉड्यूल्स बनली नाहीत त्याची यादी येते आणि त्यांच्या टेस्ट निमूट स्किप होतात. बदल एसएसएल मॉड्यूलमध्ये केला, निकाल सगळा हिरवा (म्हणजे एकही फेल नाही), आणि प्रत्यक्षात त्यातलं काहीच चाललेलं नाही.

आता माझा आवडता प्रकार. तारखांचं काम करणाऱ्या एका लहान लायब्ररीत मी रात्री एकच्या सुमारास बसायचो. एक टेस्ट रोज फेल. सकाळी चहा घेऊन बसलो की तीच पास. प्रकल्पाच्या सीआयवर (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) तर कायम हिरवी. तिसऱ्या रात्री कोड नीट वाचला: लायब्ररी आजची तारीख यूटीसीवरून (जागतिक प्रमाणवेळेवरून) काढत होती, टेस्ट मात्र मशीनच्या स्थानिक वेळेवरून. सीआयचं मशीन यूटीसीवरच, त्यामुळे तिथे दोन्ही तारखा कायम सारख्या. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत अजून ‘काल’च असतो. भारतात फक्त जागरण करणाऱ्यांनाच दिसेल असा बग!

हे तपासायला जागायची गरज नाही. लिनक्स आणि मॅकवर ‘टीझेड’ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल बदलून टेस्ट चालवता येतात. दुपारी साडेतीनच्या आधी बसला असाल तर ‘पॅसिफिक/पागो पागो’ लावा (यूटीसीच्या ११ तास मागे), नंतर बसला असाल तर ‘पॅसिफिक/किरितिमाती’ (१४ तास पुढे). दोन्हींपैकी एकात तारीख यूटीसीपेक्षा वेगळी निघतेच. तुमच्या सातांत तारखेशी संबंधित काही असेल तर हे आधी करून बघा. आणि कोडमध्ये ‘यूटीसीनाऊ’ दिसलं की कान टवकारा. ते टाइमझोनची खूण नसलेली वेळ देतं, आणि पायथन ३.१२ पासून ते वापरू नका असंच सांगितलेलं आहे.

मेंटेनरनी मागितलेल्या टेस्टबद्दल. टेस्ट लिहिलीत, पास झाली, म्हणजे काम झालं असं नाही. तुमची दुरुस्ती काढून घेतल्यावर ती फेल होते का ते बघा. फक्त सोर्स फाइल गिट स्टॅशमध्ये टाका (बदल तात्पुरता बाजूला ठेवा), टेस्ट चालवा, ती लाल झाली, म्हणजे फेल झाली, की स्टॅश पॉप करून बदल परत आणा. लालही योग्य कारणाने व्हायला हवी. इम्पोर्ट एररने आलेली लाल धरायची नाही.

हे मी ठेच लागून शिकलो. माझ्या सुरुवातीच्या एका पुल रिक्वेस्टमध्ये टेस्टच्या फंक्शनचं नाव ‘चेक’ने सुरू होत होतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये पायटेस्ट हे टेस्ट चालवणारं टूल ‘टेस्ट’ने सुरू होणारी फंक्शनंच उचलतं, त्यामुळे माझी टेस्ट कधी चाललीच नव्हती. मी मात्र सगळं हिरवं बघून खूश. रिव्ह्यू करणाऱ्याने शांतपणे विचारलं, “दुरुस्तीशिवाय चालवल्यावर काय दिसतं ते टाकाल का?” चालवून बघितलं, तर दुरुस्तीशिवायही हिरवंच. तो रविवार आठवला की अजून कसंतरी होतं.

पुल रिक्वेस्ट पाठवल्यावर सीआय सुरूच झाली नाही तर गोंधळू नका. गिटहबवर नव्या माणसाच्या पहिल्या पुल रिक्वेस्टला मेंटेनरची मंजुरी लागते. लोक फुकटच्या मशीनवर क्रिप्टो मायनिंग करू लागले म्हणून २०२१ मध्ये ही अट आली. दोन दिवस वाट बघा, लगेच टॅग करत सुटू नका.

वर्णनात तीन ओळी पुरतात: ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती, मूळ ब्रँचवर आधीपासून फेल असलेल्या टेस्टची नावं, आणि तुमची नवी टेस्ट दुरुस्तीशिवाय कशी फेल होते त्याचा आउटपुट. त्या सातांची दुरुस्ती याच पुल रिक्वेस्टमध्ये घुसडू नका, तिच्यासाठी वेगळा इश्यू उघडा.

आणि त्या सातांचा आउटपुट इथेही टाका. स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून टाका. निदान पहिल्या फेलचा पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठून आली ते दाखवणारा मजकूर).