शिरूरजवळ चार एकरांत मेंढ्या पाळायच्या आहेत. दख्खनी, माडग्याळ की डॉर्पर घेऊ?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शिरूर तालुक्यात चार एकर, त्यातलं एक एकर विहिरीवर भिजतं, बाकी मुरमाड माळ. ३० मेंढ्यांनी सुरुवात करायची, राखायला तुम्ही आणि वडील. मोबाईलवर कुणी माडग्याळ घ्या म्हणतंय, कुणी डॉर्पर. मी माण तालुक्यातला, २१ वर्षं मेंढ्या राखतोय, सध्या दावणीला ४५ आहेत. उत्तर आधीच सांगतो: मेंढ्या तुमच्याच पंचक्रोशीतल्या दख्खनी घ्या, आणि त्यात जो पैसा वाचेल तो चांगला नर आणण्यात घाला. आता हे का, ते सांगतो.

२०१४ साली मी उलटं केलं होतं. एका दलालाकडून २० मेंढ्या आणल्या. उंच, लांब पायांच्या, अंगावर लोकर नाही. नेल्लोर म्हणून विकल्या मला. नेल्लोर जात खरोखर मोठी आहे, आपल्या देशातली सगळ्यात उंच मेंढी तीच मानतात, आणि आंध्रात लोक ती उत्तम सांभाळतात. पण मी त्या ऐन मे महिन्यात ट्रकमधून उतरवल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या मेंढ्यांत सोडल्या. वेगळ्या ठेवल्या नाहीत, लस टोचली की नाही तेही विचारलं नाही. पंधरवड्यात नाकातून-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण. डॉक्टरांनी पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य रोग, सांगितला. नवीनपैकी ७ गेल्या आणि माझ्या जुन्या ११. त्या जुन्यांमध्ये एक आठ दाती मेंढी होती, माझ्या बायकोने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. ती गेली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. जात वाईट नव्हती, लांबून आणलेलं जनावर कसं घरात घ्यायचं ते मला कळत नव्हतं. नवीन माणसाला ते कळत नसतंच, म्हणून मी म्हणतो, पहिला कळप जवळचाच असू द्या.

जवळचा म्हणजे दख्खनी. काळी, करडी, कधी पांढरे पट्टे असलेली, जाड लोकरीची मेंढी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार आपल्याकडे ओळखतात. तुमच्याकडे बहुधा संगमनेरी अंगाची मिळेल. मोठी झालेली मेंढी साधारण २५ ते ३० किलो भरते. हे आकडे ऐकून तुम्ही नाक मुरडाल, कारण व्हिडिओत दुप्पट वजनाची जनावरं दिसतात. पण ही मेंढी शेकडो वर्षं दुष्काळी माळावर, दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालून, बाजरीच्या सरमाडावर आणि वाळक्या कुसळीवर जगत आली आहे. दिवाळीनंतर आमच्याकडचे धनगर वाडे, म्हणजे कुटुंबं आणि कळप, घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात, त्या वाटेवर ही मेंढी विते आणि कोकरू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईमागं चालू लागतं. एवढा काटकपणा पैसे देऊन विकत मिळत नाही.

मोठं जनावर म्हणजे जास्त नफा, हा हिशोब चाऱ्यापाशी अडतो. मेंढी साधारण आपल्या वजनाच्या ३ ते ४ टक्के कोरडा चारा रोज खाते. ३० किलोची मेंढी किलोभर. म्हणजे ३० दख्खनी मेंढ्यांना जेवढा चारा लागतो, तेवढ्यात ४० किलोच्या माडग्याळ मेंढ्या २२-२३च बसतात. सगळं हिरव्यावर काढायचं म्हटलं तर ३० दख्खनींना रोज १०० ते १२० किलो हिरवा चारा हवा. एका भिजणाऱ्या एकरात लसूणघास, मका आणि बांधावर शेवरी-सुबाभूळ लावलीत तर हे बऱ्यापैकी जमेल, पण एप्रिल-मेमध्ये विहीर किती तास चालते ते आधी वडिलांना विचारा. त्यांना नक्की माहीत असेल. कडबा, हरभऱ्याचं भुसकट, तुरीचं भुसकट, भुईमुगाचा पाला हे सुगीत स्वस्तात गोळा करून ठेवावं लागतं. मेंढी ही शेळीसारखी झाडावर तोंड टाकणारी नाही, तिला जमिनीलगतचं बारीक गवत आवडतं. पूर्ण बंदिस्त ठेवण्यापेक्षा दिवसातले चार-पाच तास माळावर फिरवून संध्याकाळी गोठ्यात चारा द्या. तुमच्या तीन एकर माळाचा उपयोग तोच.

आता माडग्याळ. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून नाव पडलेली ही जात मला मनापासून आवडते. पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक, लांब कान, उंच पाय. लोकर जवळजवळ नाही. कोकरं जन्मालाच दांडगी असतात आणि तीन-चार महिन्यांत चांगलं वजन घेतात. जत-आटपाडीचा भागही कोरडाच, त्यामुळे तिला दुष्काळ नवीन नाही. पण तिचा बाजार दोन प्रकारचा आहे आणि नवीन माणूस तिथंच फसतो. २०२० मध्ये आटपाडीकडच्या एका माडग्याळ नराला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. तो हौसेचा बाजार. नाकाचा बाक, कानाची लांबी, ठिपक्यांची मांडणी यांवर तिथं पैसे मोजतात. खाटकाच्या तराजूवर नाकाला भाव नाही, तिथं किलोच मोजतात. तुम्ही मटणासाठी कळप उभा करणार असाल तर हौसेच्या भावाने मादी घेऊ नका, तो पैसा कोकरांतून वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

डॉर्परबद्दल थोडक्यात सांगतो. दक्षिण आफ्रिकेत डॉरसेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन यांच्या संकरातून १९३०-४०च्या सुमारास तयार झालेली ही मटणाची जात. कोरड्या प्रदेशासाठीच बनवलेली. पण शुद्ध जनावराची किंमत तुमच्या-माझ्यासारख्याच्या आवाक्यातली नाही, आणि डॉर्पर म्हणून विकलं जाणारं जनावर कितव्या पिढीचं आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यात छोट्या चणीच्या पहिलारू दख्खनीवर फार जड नर लावला तर वेताला अडते. तुमचं पहिलंच वर्ष, रात्री दोन वाजता अडलेली मेंढी सोडवायचा हात अजून बसलेला नाही. सध्या राहू द्या.

तुमच्या प्रश्नात एक ओळ होती: “जुळं देणारा नर मिळतो असं ऐकलंय.” यावर मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण यातला गैरसमज मी कितीतरी जणांकडे पाहिला आहे.

बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. अगदी लहान, १०-१५ किलोची, खाऱ्या दलदलीत चरणारी. पण ती सहज दोन-तीन कोकरं देते. तिच्यात फेकबी नावाचा जनुक आहे, ज्यामुळे एका माजात जास्त स्त्रीबीजं सुटतात. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोमध्येही हाच जनुक सापडला, आणि १७९०च्या दशकात कलकत्त्याहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांतून तो पोचला असं अभ्यासक मानतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, गारोळचा हा जनुक दख्खनीत आणला. पद्मश्री बनबिहारी निंबकर आणि डॉ. चंदा निंबकर यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत, गारोळचा लहान चणीचा भाग कमी करत आणि जनुक टिकवत हे काम केलं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. तिच्यात दख्खनीबरोबर बन्नूर आणि अवासी जातींचंही रक्त आहे. नरात जनुकाची एक प्रत आहे की दोन, हे रक्ताच्या तपासणीवरून कळतं. माझ्या मते आपल्या मातीत मेंढीवर झालेलं याहून मोलाचं काम दुसरं नाही.

पण नीट समजून घ्या. असा नर लावला म्हणून तुमच्या दख्खनी मेंढ्यांना जुळी होणार नाहीत. किती बीजं सुटणार हे मादीचं शरीर ठरवतं. नराचा फायदा त्याच्या मुलींत दिसतो. दोन प्रती असलेल्या नराच्या प्रत्येक मुलीकडे एक प्रत जाणारच, आणि ती मोठी होऊन विते तेव्हा जुळं मिळायला लागतं. म्हणजे आज नर आणला तर फळ दिसायला दोन वर्षं. एका गावातल्या तरुणाने सहा महिन्यांत “फसवणूक झाली” म्हणून नर विकून टाकला. त्याच्या कळपात त्या नराच्या नऊ पाठी, म्हणजे मादी कोकरं, होत्या, त्याही त्याने विकल्या. मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसरं असं की जुळं म्हणजे दोन तोंडं आणि दुधाचे सड दोनच. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात मादीला रोज पाव-अर्धा किलो भरडा लागतो, नाहीतर कोकरं अशक्त जन्मतात आणि त्यातलं एक हमखास जातं. वेताच्या वेळी माणूस जवळ हवा, पहिल्या तासाभरात दोघांनाही चीक मिळाला पाहिजे. वाड्याबरोबर रोज मुक्काम हलवणाऱ्या धनगराला हे अवघड आहे. तुम्ही मात्र एका जागी राहणार, वडील दिवसभर घरी आहेत, विहिरीला पाणी आहे. तुमच्या परिस्थितीत जुळी पोसता येतील. म्हणून माझा सल्ला: पहिल्या वर्षी दख्खनी माद्यांवर चांगला वाढीचा नर लावा आणि वेत, कोकरं, आजार हे सगळं शिकून घ्या. दुसऱ्या वर्षी तो नर बदलावा लागेलच, कारण स्वतःच्या मुलींवर तो लावायचा नसतो. तेव्हा फेकबीचा नर आणा.

वाढीचा नर म्हणजे मोठ्या चणीचा लोणंदकडचा दख्खनी किंवा मध्यम अंगाचा माडग्याळ. २५-३० माद्यांना एक पुरतो. दीड वर्षाच्या आतला घेऊ नका. दोन्ही अंड सारखे आणि टणक आहेत का हाताने बघा, खालचा जबडा पुढे आलेला नको, चालवून बघा, मागचे पाय एकमेकांना घासायला नकोत. जमलं तर त्याची आई बघायला मागा. तिची कास आणि तिच्याजवळचं कोकरू नराबद्दल जेवढं सांगतं, तेवढं विकणारा सांगत नाही. आणि एक टांगता वजनकाटा घ्या. कोकराला बिल्ला मारा, जन्माला आणि तीन महिन्यांचं झाल्यावर वजन वहीत लिहा. पुढच्या पाठी कुणाच्या ठेवायच्या ते मग वहीच सांगते.

लोकरीचं मनात धरू नका. १९६०-७०च्या दशकांत दख्खनीवर मेरिनो, रॅम्बुले यांचे संकर करून बारीक लोकर मिळवायचे प्रयत्न झाले, ते मेंढपाळांच्या कळपांत टिकले नाहीत. आज आमच्याकडे कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. जवळ घोंगडी विणणारे सणगर असतील तर त्यांना जरूर द्या, घोंगडी जगली पाहिजे. पण वर्षातून दोनदा कातरणं सोडू नका. भिजलेल्या लोकरीत मेंढी आजारी पडते.

तुमच्या भागाचे दोन धोके आहेत. घोड-चासकमान पट्ट्यात कालव्याच्या कडेला मेंढ्या चारू नका. तिथल्या गोगलगायींतून यकृतकृमी होतो, मेंढी खंगते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. दुसरा धोका बिबट्याचा. उसाच्या शेजारी नुसत्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, रात्र काढता येत नाही. गोठ्याला वरूनही जाळी मारा, हा खर्च मेंढ्या घ्यायच्या आधी करा. आणि गायी-शेळ्यांचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. तांब्याचं प्रमाण तिला सोसत नाही, ते यकृतात साठत जातं, लघवी लाल होते आणि जनावर अचानक मरतं. मेंढीसाठी वेगळं मिळतं, पिशवीवर वाचून घ्या.

तुम्ही भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गातले असाल तर राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० माद्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळायची तरतूद आहे. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे चौकशी करा. नसाल तरी त्यांना भेटाच, पीपीआर आणि आंत्रविषार (आतड्यात विष होऊन मेंढी मरते तो रोग) यांच्या लशी तिथूनच मिळतील. आंत्रविषाराची पावसाळ्याआधी दरवर्षी, पीपीआरची तीन वर्षांतून एकदा.

खरेदी आता उन्हाळ्यात करू नका. दिवाळी होऊ द्या. तेव्हा रानात सरमाड असतं, माळावर गवत असतं, आणि नवीन मेंढ्यांना तुमच्या पाण्याची, वाटेची सवय व्हायला पुढचा पावसाळा येईपर्यंत सहा-सात महिने मिळतात. ३०च्या ३० एकदम न घेता आधी १२-१५ घ्या, दोन आणि चार दातीच, म्हणजे तरुण. आणल्यावर तीन आठवडे गावातल्या इतर मेंढ्यांपासून लांब ठेवा. वडिलांना बाजाराला बरोबर न्या.