कोल्हापुरात लॉनमधलं क्रॅबग्रास तणनाशक न मारता कसं घालवावं?

500 चौरस फुटांचं लॉन, निम्मं क्रॅबग्रासने भरलेलं, आणि घरात लहान मुलं असल्यामुळे तणनाशक नको, असं तुम्ही लिहिलंय. जमेल, पण एका पावसाळ्यात संपणार नाही.

आधी तण नीट ओळखा. क्रॅबग्रास एका बुडख्यातून चारी बाजूंना जमिनीलगत पसरतं, पान रुंद आणि पोपटी, तुऱ्याला बोटांसारख्या काड्या. दांडी बोटांत फिरवल्यावर तिकोनी लागली तर तो लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीत राहतात, त्यामुळे कोंब दिसेल तसा काढत राहणं एवढंच हातात असतं.

क्रॅबग्रासचा सगळा खेळ बियांचा. परदेशी व्हिडिओत ते हिवाळ्यात गारठून मरतं असं दाखवतात. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली, त्यात लॉनला रोज पाणी. वळीव पडला की उगवण सुरू. तेव्हापासून गणपतीपर्यंत आठवड्यातून एकदा, जमीन ओली असताना खुरप्याने मुळासकट काढा. कांड्यांनाही मुळं फुटतात, ती मागे ठेवू नका. हे तुरा येण्याआधीच झालं पाहिजे. तुरा आलेलं तण कंपोस्टच्या खड्ड्यात नको.

मीठ अजिबात टाकू नका, माती नासते. व्हिनेगर पानं करपवतं, पण लॉनचीही.

जिथे तणाशिवाय काहीच उरलं नाही तिथे मार्चअखेरीस वरचं सगळं खरवडून काढा, वीतभर खोल ओल जाईल इतकं पाणी द्या आणि 25 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद मातीला चिकटून अंथरा. कडा मातीत गाडा. पाच-सहा आठवडे ठेवा. काळा कागद तितका तापवत नाही. कागदाखाली हवा खेळली किंवा भोक पडलं की उष्णता टिकत नाही. आणि कागद काढल्यावर जमीन खोल खणू नका! उष्णतेने फक्त वरच्या दोन-तीन इंचांतलं बी मरतं. खणलं की खालचं जिवंत बी वर येतं.

पाऊस स्थिरावला की सिलेक्शन वन या लॉनच्या गवताचे मुळं असलेले तुकडे चार-चार इंचांवर टोचा आणि पायाने दाबा. एरवी काम बिघडतं ते इथेच, ट्रॉलीने आणलेल्या तांबड्या मातीत आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतात. दोन्हींत तणाचं बी असतं. थोडं खत ट्रेमध्ये पंधरा दिवस ओलं ठेवून बघा, काय उगवतं ते कळेल. त्यापेक्षा 100 चौरस फुटांना चाळलेलं गांडूळ खत आणि वाळू मिळून तीन घमेली, वर एक किलो निंबोळी पेंड पुरे. प्रेसमडचं, म्हणजे साखर कारखान्यात उसाच्या रसातून निघणाऱ्या गाळाचं खत मिळालं तर पूर्ण कुजलेलंच घ्या.

कापणी दीड ते दोन इंचांवर. माळीकाका दिवाळीआधी गुळगुळीत करून देतात, दिसायला छान, पण मातीवर ऊन पडलं की उरलेलं बी जागं होतं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उंची कापू देऊ नका. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या.

आंब्याखालच्या सावलीत मात्र सिलेक्शन वन कधीच दाट होणार नाही. तिथे फरशी किंवा खडी टाका.